तीनशे तीस नंबरचं सरबत

महादेवीअक्का साखर अंदाजाने घेत, पाणी अंदाजाने घेत, पण लिंबूसत्व मात्र सोनाराच्या काट्यावर तोलत. तो काटा त्यांच्या माहेरून, संकेश्वरहून आलेला. माहेरी कुणी सोनार नव्हतं. वडिलांनी तो एका बंद पडलेल्या दुकानातून हौसेने आणला, त्याचं पुढे काय करायचं ते सुचलं नाही, म्हणून मुलीच्या लग्नात देऊन टाकला. एक किलो साखरेला एक तोळा सत्व, हे अक्कांचं माप. एका पारड्यात तोळ्याचं वजन ठेवायचं, दुसऱ्यात चमच्याने सत्व सोडायचं, आणि काटा थरथरत असेपर्यंत घरात कुणी पंखा लावायचा नाही की बोलायचं नाही. त्यांचे यजमान बाळाप्पा उद्यमनगरात एका कारखान्यात होते. ते एरवीही दिवसाला चार-पाच शब्दच बोलत, त्यामुळे त्यांना काही जड गेलं नाही.

आमचं आणि त्यांचं घर मंगळवार पेठेत भिंतीला भिंत लागून. त्यांच्याकडे पाक चढला की आमच्याकडे मुंग्या येत. माझी बायको त्याबद्दल काही बोलायला म्हणून एकदा गेली आणि सरबताची बाटली घेऊन परत आली. पुढे बोलायचं राहूनच गेलं.

अक्का मला मास्तर म्हणत. मी मास्तर कधीच नव्हतो. एका हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत मी परिचर होतो. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, तास संपला की फोडलेल्या काचा भरायच्या, अशी तेहेतीस वर्षं काढली. पण अक्कांनी पहिल्याच भेटीत मास्तर म्हटलं आणि मला ते तिथल्या तिथे दुरुस्त करता आलं नाही. आठवड्याभराने दुरुस्त करायला गेलो तर पेठेनेही तेच नाव उचललं होतं. मग गप्प बसलो.

अक्कांच्या सरबताचं खरं नाव झालं ते जोतिबाच्या चैत्र यात्रेमुळे. यात्रेच्या दिवशी आमच्या पेठेतली तालीम पंचगंगेच्या पुलापलीकडे मांडव घालते. डोंगराकडे चालत जाणाऱ्या भाविकांना तिथे पाणी मिळे. एक्याण्णव साली अक्का तिथे कळशीभर सरबत घेऊन गेल्या. पहिल्या दहा मिनिटांत कळशी संपली आणि मागून आलेल्या लोकांनी पाणी प्यायला नकार दिला. दुसऱ्या वर्षापासून तालीम साखर आणि लिंबं पुरवी, आणि अक्का आदल्या दिवशी सरबताचा पाक करून देत. आपल्या कष्टाचं त्यांनी कधी काही घेतलं नाही. गुलालाने माखलेली माणसं जोतिबाच्या निशाणाची उंच सासनकाठी खांद्यावर घेऊन यायची, तांब्या तोंडाला लावायची, आणि "अक्का, यंदा बी झकास" म्हणून पुढे जायची. अक्कांना त्यातली दहा माणसंही नावाने माहीत नसतील. पण वर्षभर त्या त्यांच्याबद्दल घरच्यासारखं बोलत. सौंदत्तीकडचा एक मिशीवाला यंदा आला नाही, बरा असेल ना, अशी चौकशी त्यांनी माझ्याजवळ केली आहे. मला तो मिशीवाला कोण हे आजतागायत कळलेलं नाही.

दोन हजार दोन सालच्या दिवाळीनंतर अक्कांनी बाटल्या दुकानात ठेवायचं ठरवलं. त्यासाठी त्यांनी एका सरकारी केंद्रात आठ दिवसांचं शिक्षण घेतलं. त्यांची शाळा कन्नड, म्हणून शिकवलेलं सगळं त्यांनी वहीत मराठी शब्दांत पण कन्नड अक्षरांत लिहून आणलं. ती वही त्यांच्याशिवाय जगात कुणाला वाचता आली नसती. परवाना मिळाला. आता बाटलीवर कागद हवा, आणि त्यावर आत काय काय घातलं आहे ते लिहायला हवं. कच्चा मसुदा घेऊन त्या माझ्याकडे आल्या. साखर, पाणी, लिंबाचा रस, आणि शेवटी आम्लता नियंत्रक (३३०).

हे शेवटचं नीट समजावून सांगा, असं त्या म्हणाल्या. मी मला येत होतं तेवढं सांगितलं. खाण्याच्या पदार्थात आंबटपणा ठरावीक राहावा, कमी-जास्त होऊ नये, म्हणून जे घालतात त्याला हे नाव. असे बरेच पदार्थ आहेत आणि प्रत्येकाला नंबर दिलेला आहे. खायच्या सोड्याला पाचशे, व्हिनेगरमधल्या आंबटाला दोनशे साठ, लिंबूसत्वाला तीनशे तीस.

"म्हंजे शाळंतल्या हजेरीत पोराला असतोय तसा," अक्का म्हणाल्या.

मी म्हटलं, तसाच.

त्याचा उपयोग मला त्यांच्याकडून जास्त कळला. चैत्रातलं लिंबू जाड सालीचं आणि कोरडं, पावसाळ्यातलं रसाचं पण पुळचट. नुसत्या रसावर गेलं तर दर खेपेला चव निराळी. सत्वाने ती एका जागी राहते. पाकात साखरेचे खडे धरत नाहीत. सरबत लवकर फसफसत नाही. आणि जास्त झालं तर दात आंबतात, पोटात जळजळतं, म्हणून काटा. लक्ष्मीपुरीच्या बाजारात सुटं सत्व पोत्यातून मिळे, पण तेच लोक भांडी उजळायलाही नेत. अक्का ते कधी घेत नसत. खाण्यासाठी म्हणून छापलेलं, तारखेचं, बंद पाकीटच त्यांना लागे. पाकिटाला भोक असलं तर ते परत करायला त्या भर उन्हात चालत जात.

छापखानेवाल्याने त्यांना सुचवलं की ही शेवटची ओळ बाजारात कुणी घालत नाही, गाळून टाकू. अक्का म्हणाल्या, "घालतो ते लिवायचं की. न्हाईतर कागूद चिकटवायचा कशाला, नुसती बाटली बरी दिसती." ओळ राहिली.

तीन-चार महिने बाटल्या खपल्या. मग गणपतरावांचा कागद आला.

गणपतराव एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाल्यावर नियंत्रणाची सवय जाईना, म्हणून ते तालमीचे चिटणीस झाले. त्यांना झेरॉक्सचं वेड. कुठेही काही घातक आहे असं वाचलं की पन्नास प्रती काढून पेठेत वाटत. आधीच्या वर्षी त्यांनी उशीशिवाय झोपण्याचे फायदे वाटले होते आणि निम्म्या पेठेच्या माना धरल्या होत्या. या खेपेचा कागद झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स होता. वर मथळा होता, सावधान. खाली नंबरांची यादी. या नंबरांचे पदार्थ खाल्ल्यास कर्करोग होतो असं लिहून सगळ्यांत घातक नंबर म्हणून एकाला चौकट केली होती. तीनशे तीस. शेवटी कुठल्यातरी परदेशी इस्पितळाचं नाव होतं, पण ते इतकं काळं झालं होतं की कुठलं ते वाचता येत नव्हतं. गणपतरावांचं म्हणणं, परदेशी आहे एवढं तरी दिसतंय.

यात्रेला आठ दिवस होते. तालमीत बैठक बसली. आमच्या तालमीचे वस्ताद केरबा. साठी उलटलेली, पण मान अजून मांडीएवढी. उमेदीत सव्वाशे किलोचा गडी त्यांनी डोक्यावरून टाकला होता. त्यांनी तो कागद दोन बोटांनी धरला आणि वाचून झाल्यावर बोटं लंगोटाच्या फडक्याला पुसली. मग घरून आणलेल्या अक्कांच्या बाटलीवरचा कागद वाचला. तोच नंबर. बारा वर्षं सगळ्यांनीच ते सरबत प्यायलं होतं. एकेक जण गुपचूप आपल्या पोटावरून हात फिरवू लागला.

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमी सायन्सवालं. ह्ये तीनशे तीस म्हंजे काय असतंय, सांगा बरं."

मी उभा राहिलो. सांगायची चार वाक्यं मनात तयार होती. पहिलं, ते एक ऍसिड आहे. दुसरं, लिंबात निसर्गतः असतं तेच हे. तिसरं, आपल्या शरीरातही ते रोज तयार होतं. चौथं, सरबतात त्याचं प्रमाण अगदी थोडं असतं. क्रम बरोबर होता. शाळेत असाच क्रम असे.

मी म्हणालो, "ते एक प्रकारचं ऍसिड आहे."

आमच्या पेठेतली निम्मी माणसं उद्यमनगरात कामाला. ऍसिडने तिथे लोखंडाचा गंज काढतात. उरलेल्या निम्म्यांच्या घरी ते मोरी धुवायच्या बाटलीत. एवढा गलका झाला की माझी तीन वाक्यं तोंडातच राहिली. एक जण म्हणाला, म्हणूनच माझी दाढ पडली. दुसरा म्हणाला, तुझी दाढ तर कुस्तीत पडली होती. तो म्हणाला, ऍसिडने ढिली झाली असणार. मी थोडा वेळ उभा राहिलो, कुणी पुन्हा विचारेल म्हणून. कुणी विचारलं नाही. मग बसलो.

ठरलं असं की यंदा शुद्ध लिंबाचं सरबत तालीम स्वतः करणार. नंबर-बिंबर काही नाही. आणि हे अक्कांना कुणी सांगायचं? शेजारी म्हणून मी.

मी संध्याकाळी गेलो. अक्कांनी चहा ठेवला. मी उन्हाबद्दल बोललो, नळाच्या पाण्याबद्दल बोललो, आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पुन्हा चहा झाला. या वेळी मी गगनबावड्याच्या पावसाबद्दल बोललो, चैत्र असून.

कप खाली ठेवत अक्का म्हणाल्या, "मास्तर, दोनदा आलासा, दोनदा च्या पिऊन गेलासा. मला कालच समजलंय. पर तुमच्या तोंडनं ऐकायचं हुतं."

मी सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. यात्रेचं सरबत हातचं गेलं याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे बारा वरसं मी जोतिबाच्या मानसांस्नी इख पाजलं, असं ठरलं व्हय बैठकीत?"

असं कुणी म्हणालं नाही, असं मी सांगू लागलो. पण तेच ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या उंबऱ्यावर सात बाटल्या होत्या. कुणी कधी आणून ठेवल्या ते कळलं नाही. दोन अर्ध्या होत्या आणि एक तर पार रिकामी. रिकामी बाटली परत करणाऱ्याला काय परत करायचं होतं ते मला समजलं नाही. अक्कांनी बाटल्यांवरून आळीभर नजर फिरवली. खिडक्या एकेक करून बंद झाल्या.

त्या दिवसापासून अकरा वाजता अक्का दारात खुर्ची टाकून बसू लागल्या. हातात सरबताचा पेला. आळीतून कुणी जात असलं की एक घोट. बाया भाजी घ्यायला जाताना बघत, परत येताना पुन्हा बघत. चौथ्या दिवशी पलीकडच्या बायडाबाई धीर करून जवळ आल्या आणि कसं वाटतंय म्हणून त्यांनी विचारलं. अक्का म्हणाल्या, साखर थोडी कमी पडली आहे. बायडाबाईंनी ती बातमी आळीभर केली, पण त्यातून अर्थ निघाला तो असा की अक्कांची शुद्ध अजून आहे.

पण त्याच दुपारी अक्का माझ्याकडे आल्या. घराच्या आत येऊन दार लोटलं. मला तेव्हा कळलं की त्यांना स्वतःलाच शंका आली होती. वही त्यांनी चारदा वाचली होती.

"मला भाषण नगं," त्या म्हणाल्या. "इख हाय का न्हाई, एवढंच सांगा."

मी म्हटलं, नाही. मग ती उरलेली तीन वाक्यं सांगितली. लिंबू चोखल्यावर जे आंबट लागतं तेच हे, कारखान्यात साखरेच्या मळीपासून करतात एवढाच फरक. शरीर ते स्वतःही बनवतं आणि मोडून टाकतं. तुम्ही घालता तेवढ्याने कुणाला काही होत नाही, लिटरभर आंबट रोज प्यायलं तर दात झिजतील. शाळेतून निघताना थोडा लिटमस कागद मी आठवण म्हणून आणला होता. त्याचा एक निळा तुकडा लिंबाच्या रसात बुडवला, दुसरा सत्वाच्या पाण्यात. दोन्ही सारखेच तांबडे झाले. खरं तर आम्ल कुठलंही असलं तरी लिटमस तांबडाच होतो, त्याने विष आहे की नाही हे ठरत नाही. तेही मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ते राहू दे, दिसायला बरं दिसतंय.

दाराशी गेल्यावर वळून म्हणाल्या, "एवढं सगळं ठावं हाय, तर तिकडं का बोलला न्हाईसा?"

मी लिटमसचे तुकडे गोळा करू लागलो. त्या गेल्या.

यात्रेच्या आदल्या दिवशी तालमीत तीन हजार लिंबं आली. पैलवान पिळायला बसले. लाल मातीत रोज लोळणारी माणसं, प्रत्येकाच्या हाताला खरचटलेलं. पहिल्या शंभर लिंबांतच सगळे बोटं झाडत नाचू लागले. सव्वाशे किलोच्या गड्याला भिडणारी पोरं लिंबाला हात लावायला कां-कूं करू लागली. वस्तादांनी शिव्या घालून संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळं पिळून घेतलं. एवढा रस ठेवायला भांडं कुठलं? तालमीत पूर्वी थंडाईसाठी एक भलं मोठं पितळी पातेलं होतं. थंडाई आता स्टीलच्या पिंपात होते, पण पिंप लहान. पातेलं माळ्यावरून काढलं, चिंच लावून आतून-बाहेरून घासलं. सोन्यासारखं झालं. त्यात रस, साखर आणि पाणी घालून वर ओलं फडकं बांधलं आणि सकाळी ते टेम्पोतून मांडवात नेलं.

आमच्या तालमीची रीत अशी की वस्तादांच्या आधी कशालाही कुणी तोंड लावायचं नाही. थंडाई असो, प्रसाद असो. सकाळी फडकं सोडलं. कडेने बारीक हिरवी रेघ दिसत होती. लिंबाची साल उतरली असेल, असं गणपतराव म्हणाले. वस्तादांनी तांब्याभर सरबत तोंडाला लावलं. निम्म्यावर थांबले. मग जोतिबाच्या नावाचं म्हणून उरलेलंही संपवलं.

"जरा उग्र हाय," ते म्हणाले.

पंधरा मिनिटांनी ते मांडवामागे गेले. आम्हाला आवाज ऐकू आला. तालमीतल्या पोरांनी वस्तादांना कधी कुणापुढे वाकलेलं पाहिलं नव्हतं. एकाने पाठीवर हात ठेवला तर त्याला त्याच अवस्थेत कोपर बसलं.

तेवढ्यात गैबीचाचा आले. चाचांचा पिढीजात धंदा कल्हईचा, पितळी भांड्यांना आतून कथिलाचा मुलामा द्यायचा. स्टीलने तो बसवला होता, तरी आठवड्यातून एक-दोन भांडी येत. दर यात्रेला ते मांडवात पाणी वाटायला उभे राहत. त्यांनी पातेल्यात डोकावलं, कडेची रेघ नखाने खरवडली, नख उन्हात धरून पाहिलं.

"ह्याला शेवटची कल्हई मी केलती," ते म्हणाले, "त्याला सा वरसं झाली. वस्ताद, ह्ये पातेलं आतनं नागडं हाय. ह्यात कुनी शानं मानूस ताक बी ठेवनार न्हाई, आनि तुमी रातभर लिंबू ठेवलासा?"

आणखी कुणी प्यायलं का, हे त्यांनी पहिलं विचारलं. कुणी नव्हतं. रीत कामाला आली होती. पातेलं मांडवामागे खड्डा करून ओतून टाकलं. पुलाकडून पहिला ढोल ऐकू येऊ लागला होता.

वस्ताद खांबाला टेकून बसले. रंग उतरला होता, पण शुद्ध होती. त्यांनी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि मला जवळ बोलावलं.

"मास्तर," ते म्हणाले, "त्या दिशी तुमी अर्धंच सांगून खाली बसलासा. मी बघितलंय. आता पुरं सांगा."

मी खाली बसूनच सांगितलं. लिंबाच्या रसात आंबट असतं तेच तीनशे तीस. त्यांनी डोळे मिटले.

"म्हंजे मी आत्ता प्यालो त्ये तीनशे तीसच?"

"होय."

"तीन हजार लिंबाचं."

"होय. अक्कांच्या सरबतापेक्षा जास्तच असेल."

"आनि ह्ये जे झालं त्ये त्येच्यामुळं?"

"नाही. ते पितळेमुळे. आंबटात पितळेतलं तांबं उतरतं, तेच पोटात गेलं. अक्का स्टीलच्या भांड्यात करतात. आणि तोलून."

वस्तादांनी गणपतरावांकडे मान वळवली. "गणपतराव, तुमच्या त्या कागदावर पितळंचं काय लिवलंय?"

गणपतरावांनी खिशातून कागद काढला आणि खरोखरच पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

गैबीचाचांनी वस्तादांना साखर-मिठाचं पाणी पाजलं आणि दवाखान्यात चला म्हणाले. वस्ताद म्हणाले, जाऊ, पण आधी एका ठिकाणी. रिक्षात ते एकटेच मावले. मी आणि चाचा मागून दुसऱ्या रिक्षाने गेलो. अक्का अंगण झाडत होत्या. आम्हाला बघून त्यांनी झाडू थांबवला नाही. वस्ताद रिक्षातून उतरले नाहीत, उतरवत नव्हतं. तिथूनच म्हणाले, "अक्का, आमचं चुकलं. मानसं पुलावर आल्यात. मांडवात पान्याबिगर काय न्हाई."

"पानी बी चांगलंच असतंय की," अक्का म्हणाल्या.

मग त्यांचं लक्ष वस्तादांच्या चेहऱ्याकडे गेलं. काय झालं म्हणून त्यांनी मला विचारलं आणि मी सांगितलं. त्यांना हसू आलं असणार, कारण त्या पटकन आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा तोंड सरळ होतं. त्यांनी वस्तादांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं आणि दोन दिवस आंबट खायचं नाही म्हणून बजावलं. मग मला म्हणाल्या, "येते मी. पर गुपचूप येनार न्हाई. ज्ये घालीन त्ये सगळ्यास्नी ऐकू जाईल असं सांगायचं. कबूल असंल तर भांडी उचला."

बाळाप्पांनी आतून स्टीलची दोन पातेली आणून ठेवली आणि "कबूल हाय," असं परस्पर म्हणाले. माझ्या आठवणीत त्यांचं ते त्या वर्षातलं सगळ्यांत लांब भाषण.

मांडवात साखर होती. लिंबं मात्र पिशवीच्या तळाला राहिलेली साठ-सत्तरच. अक्कांनी साखर गरम पाण्यात विरघळवली, लिंबं पिळली, मग तिथेच खोक्यावर काटा मांडला. बंद पाकिटं माझ्याकडून फोडून घेतली. बाहेर ढोल, आत पैलवानांचं कडं, आणि मध्ये काट्याकडे बघत बसलेल्या अक्का. सगळे श्वास धरून उभे. लिंबं कमी म्हणून तोळ्यांचा हिशेब या खेपेला त्यांनी वाढवला होता, आणि तो दोनदा वहीत पाहून घेतला. चव पाहिली. मान हलवली.

गणपतरावांनी ध्वनिक्षेपकाचा माईक हातात घेतला आणि त्यांच्याजवळ वाकून हळूच म्हणाले की यात्रेच्या गर्दीत शुद्ध लिंबू सरबत एवढंच सांगितलं तर बरं, लोकांना नंबर कळत नाहीत.

"शुद्ध लिंबाचं कुठाय? आज रस नावापुरता हाय," अक्का म्हणाल्या. "तसंच सांगायचं. न्हाईतर मी निघाले."

गणपतरावांनी खाकरून घसा साफ केला. अक्कांनी त्यांच्या हातातून माईक घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"तुमी न्हाई. मास्तर सांगतील."

मी आयुष्यात माईक फक्त कपाटातून काढून टेबलावर ठेवलेला. मी म्हटलं, माझा आवाज जात नाही. अक्का नुसता हात पुढे धरून राहिल्या. पहिली सासनकाठी मांडवापाशी आली होती. लोक थांबले होते. माईकने एकदा कर्कश शीळ घातली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "तालमीतर्फे सरबत. करणाऱ्या महादेवीअक्का. यात साखर आहे, पाणी आहे, लिंबाचा रस आहे पण थोडा आहे." मी माईक तोंडाजवळ आणला. "आणि आम्लता नियंत्रक, नंबर तीनशे तीस. म्हणजे लिंबाचं सत्व. तोलून घातलेलं. त्याने काही होत नाही."

जोतिबाच्या वाटेवर ध्वनिक्षेपकातून काहीही ओरडून सांगितलं की त्यावर एकच उत्तर येतं. सासनकाठी हलली, गुलाल उडाला, आणि पाच-सातशे माणसं एका आवाजात म्हणाली, "चांगभलं."

पेले पुढे आले. अक्का खाली मान घालून ओगराळ्याने सरबत ओतत होत्या. कुणीतरी, मिशीवाला होता बहुतेक, त्यांना यंदा बी झकास म्हणाला. त्यांनी वर पाहिलं नाही, पण पदराच्या टोकाने तोंड पुसलं. मागून दुसरी काठी येत होती. माझं काम झालं असं समजून मी माईक खाली ठेवू लागलो.

"ठेवू नका," अक्का म्हणाल्या. "आनि जरा मोठ्यानं, मास्तर. मागच्यास्नी तीनशे तीस ऐकू गेलं न्हाई."